सोळा आणे जमीन, पण कशासाठी?

बांद्यात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्याच्या उथळ मातीत ओल टिकते किती? कोरडवाहू जमीन तपासताना खरा प्रश्न हाच.

तो जुनाच आहे. गोल्डस्मिड-विंगेट यांची प्रतबंदी इंदापुरात १८३५ च्या सुमारास सुरू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालानुसार पावणेदोन हात खोल, चांगली काळी माती म्हणजे सोळा आणे. खडे, उतार असे दोष दिसले की आणे कमी.

मी हे आणे थेट योग्यतेच्या वर्गांत बदलायला निघालो होतो. फसलो! ती मोजणी साऱ्यासाठी होती. १९७६ च्या एफएओ चौकटीत प्रश्न वेगळा: कोणत्या पिकासाठी योग्य? बांद्यातला उतार भाताला नापास, काजूला चालतो.

म्हणून जुनी नोंद वापरण्याआधी तिचा हेतू तपासा.