बोया नेमका कशाबरोबर वाहतो?

समुद्राचा प्रवाह दोन प्रकारे मोजतात. एका जागी यंत्र बसवून जवळून जाणाऱ्या पाण्याचा वेग टिपायचा, नाहीतर साधनच पाण्याच्या हवाली करून त्याचा माग काढायचा. हे पुस्तक दुसऱ्या वाटेचे आहे. मोनॅकोचे राजपुत्र पहिले आल्बेर यांनी १८८५पासून उत्तर अटलांटिकात दीड हजारांहून अधिक तरंगक सोडले. ते कुठे सोडले आणि कुठे सापडले एवढेच कळे; मधला प्रवास अंदाजाने जोडावा लागे. उपग्रहांनी तो दाखवायला सुरुवात केली आणि आता जीपीएसमुळे असा बोया घरच्या घरीही बांधता येतो.

नवख्याचे लक्ष बहुधा बॅटरी, अँटेना आणि तापमापकाकडे जाते. ते हवेतच, मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, म्हणून उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरणही लागते. पण मोजमापाची खरी भिस्त पाण्याखालच्या शिडावर असते. बोया जितका पाण्याबाहेर, तितका तो वाऱ्याच्या ताब्यात. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी रस डेव्हिस यांनी आखलेल्या बोयात चार उभी शिडे पृष्ठभागालगतच्या मीटरभर पाण्यात फुलीसारखी पसरतात. बांबू, कापड आणि छोटे तरंगक वापरून विद्यार्थ्यांनीही असे बोये बांधले आहेत.

शीड तुटले तर काय होते, याचा धडा मोठ्या प्रकल्पालाही मिळाला. जगभरच्या महासागरांत एका वेळी १,२५० बोये ठेवण्याचे उद्दिष्ट २००५ मध्ये गाठले गेले; त्यांचे शीड १५ मीटर खोलीवर असते. काही बोयांची शिडे गळून पडली आणि नोंदींत ते लक्षात आले नाही. प्रवाहांचा वेग काळानुसार बदलत असल्याचे आकडे सांगू लागले. त्यात वाऱ्याचा वाटा मिसळल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले.

कोकण-गोव्याच्या वाचकाला अभ्यासाचा विषय दाराशीच आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. दोन्ही ऋतूंतल्या नोंदी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. मात्र बोया सोडण्याआधी स्थानिक मच्छीमारांशी बोलावे आणि आवश्यक त्या परवानग्या घ्याव्यात.

पुढील प्रकरणांत जोडणी, चाचणी आणि विश्लेषण क्रमाने येते. वाचकाने एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी: प्रत्येक बोयाचे वजन, पाण्यावरचा भाग आणि शिडाचे क्षेत्रफळ लिहून ठेवावे. ही नोंद असली, तरच नकाशावरच्या रेषेत पाणी किती आणि वारा किती, हे दुसऱ्या अभ्यासकाला तपासता येईल.