मेंदूची राखण, पाळण्यापासून

चंचल, एकाग्र न होणाऱ्या मुलांच्या कपाळावर रात्री पट्टी चिकटवून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्राला अमेरिकेने २०१९ मध्ये मान्यता दिली. आधार होता ६२ मुलांवरच्या चार आठवड्यांच्या चाचणीचा. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर आशा बांधणे मला घाईचे वाटते. शस्त्रक्रियेविना मेंदू जपण्याचा अधिक भक्कम इतिहास गडचिरोलीच्या जंगलात सापडतो. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ ही संस्था उभारली. पुढे गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्या घरोघरी जाऊन बाळाला ऊब देत, अंगावरचे दूध सुरू करवत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत आणि गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा: ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

कोणी म्हणेल, मृत्यू टळणे वेगळे, अवधान सुधारणे वेगळे. आक्षेप रास्त आहे. ते काम चंचलतेवरचा उपचार नव्हते, आणि आज शाळेत अस्वस्थ बसलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत पुढे अवधानाचा विकार अधिक आढळतो, आणि आरोग्यदूतांची काळजी अशा बाळांपर्यंतही पोहोचत होती. म्हणून मेंदू जपण्याचा इतिहास विजेच्या पट्टीपासून सुरू करणे मला अपुरे वाटते. घरच्या घरी नवजात बाळाला जपण्याची ही पद्धत २०११ मध्ये देशभरातल्या ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामात आली.