साथीचा रोग आणि कारागृहातील बंदी

मुंबईत २०२० च्या मार्च-एप्रिल महिन्यांत कोरोनाची साथ वाढू लागली तेव्हा वरळी हा शहरातील सर्वाधिक चिंतेचा भाग ठरला. वरळी कोळीवाड्याच्या वाटा बंद करण्यात आल्या, तर तेथील एनएससीआयच्या घुमटाकार क्रीडागृहात रुग्णांसाठी खाटा मांडण्यात आल्या. वरळीहून सातरस्त्याकडे आले की आर्थर रोड कारागृहाची उंच भिंत लागते. या भिंतीआड राहणाऱ्यांना परस्परांपासून अंतर राखण्याचा सल्ला पाळणे मुळातच अशक्य होते. मुंबई मध्यवर्ती कारागृह या अधिकृत नावाच्या या तुरुंगाची मान्य क्षमता ८०४ बंद्यांची होती; प्रत्यक्षात तेथे तिच्या तिपटीहून अधिक माणसे होती.

साथीच्या काळात तुरुंग विशेष धोक्याचे का ठरतात, याची कारणे उघड आहेत. एका बराकीत दाटीने झोपणे, मोजकी स्वच्छतागृहे, अपुरी हवा आणि बंद्यांची सततची ये-जा यांमुळे संसर्ग वेगाने पसरतो. क्षयरोग, मधुमेह आणि व्यसनाधीनतेने आधीच खालावलेल्या प्रकृतीची त्यात भर पडते. शिवाय बाहेरचा नागरिक गर्दी टाळू शकतो, डॉक्टर बदलू शकतो. बंद्याला हे स्वातंत्र्य नसते. म्हणूनच त्याच्या आरोग्याची जबाबदारी पूर्णपणे शासनावर येते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'नुसार बंद्यांना समाजात उपलब्ध असलेल्या दर्जाचीच वैद्यकीय सेवा मिळाली पाहिजे. भारतीय राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचा हक्कही तुरुंगाच्या दारात संपत नाही.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. प्लेगच्या साथीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील काही कैद्यांना ती टोचण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले आणि लशीचा प्रसार झाला. कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतल्याची नोंद असली, तरी बंदिवासातील संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील सातव्या कलमातही गर्दी झाल्यास किंवा साथ उद्भवल्यास तात्पुरत्या कारागृहांची व्यवस्था करण्याची तरतूद होती. २०२० मध्ये महाराष्ट्रात नव्या बंद्यांच्या विलगीकरणासाठी शाळा आणि वसतिगृहांच्या इमारतींचा उपयोग झाला, तो याच मार्गाने.

सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतील बंद्यांना जामीन वा अभिवचन रजेवर सोडण्याचा विचार करावा, असे त्या आदेशात सुचविले होते. महाराष्ट्रात न्या. अमजद सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती स्थापन झाली आणि सुमारे ११ हजार बंद्यांना सोडण्याची घोषणा राज्य सरकारने केली. तथापि टाळेबंदीत न्यायालयांचे कामकाज मंदावलेले, जामीनदार मिळणे कठीण आणि गावी जाण्यास वाहन नाही, अशा स्थितीत सुटका संथ राहिली.

दरम्यान एप्रिलमध्ये मुंबई, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा ही कारागृहे पूर्णतः बंद करून कर्मचाऱ्यांनाही आतच ठेवण्यात आले. मुलाकाती आधीच थांबल्या होत्या. परंतु तुरुंगाला दार असतेच. रुग्णालयात न्यावे लागणारे बंदी, शिधा आणि कर्मचारी यांची ये-जा पूर्णपणे थांबविता येत नाही. ७ मे रोजी आर्थर रोडमधील ७२ बंदी आणि ७ कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे जाहीर झाले. काही दिवसांतच हा आकडा १५८ बंदी आणि २६ कर्मचाऱ्यांवर गेला.

त्यानंतर हालचालींना वेग आला. ८ मे रोजी राज्याने १९५९ च्या नियमांत दुरुस्ती करून शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी आपत्कालीन अभिवचन रजेची सोय केली. ही रजा प्रथम ४५ दिवसांची होती व पुढे ती तीस-तीस दिवसांनी वाढविता येत असे. राज्यातील सुमारे ३५ हजार बंद्यांपैकी निम्म्यांना तात्पुरते सोडण्याचे उद्दिष्ट ठरले. मोक्का, यूएपीए, अमली पदार्थ आणि आर्थिक गैरव्यवहार यांविषयीच्या विशेष कायद्यांखालील बंदी मात्र वगळले गेले. विषाणू कलमे पाहून लागण करीत नाही, मग वृद्ध व आजारी बंद्यांनाही केवळ कलमामुळे वगळावे काय, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. समाजाची सुरक्षितता आणि साक्षीदारांचे संरक्षण ही दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मुंबई उच्च न्यायालयाने कारागृहांतील संसर्गाची स्वतःहून दखल घेतली. आधार कार्ड नसलेल्या बंद्यांच्या लसीकरणाचा प्रश्न पुढे आला होता. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस देण्याची कार्यपद्धती केंद्राने ६ मे २०२१ रोजी जाहीर केली. तीत बंद्यांचा समावेश होता. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात ३९ जणांना लागण झाली. त्यांत आईसोबत राहणारी लहान मुलेही होती. सोडलेल्या बंद्यांनी पंधरा दिवसांत परतावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी दिला आणि ही तात्पुरती व्यवस्था संपली.

या अनुभवाचे सार एवढेच, की तपासणी, विलगीकरण आणि लस आवश्यक असल्या, तरी गर्दी कमी केल्याखेरीज त्या अपुऱ्या पडतात. २०२० च्या अखेरीस देशातील सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झाले नव्हते. खटले वेळेत चालणे आणि गरीब आरोपीला झेपेल असा जामीन मिळणे, हाही साथीला तोंड देण्याच्या पूर्वतयारीचाच भाग आहे. न्यायालयाने दिलेली शिक्षा ही स्वातंत्र्य गमावण्याची असते, आजाराची नव्हे.