वराल्लोचा डोंगर : एक प्रति-जेरुसलेम



आज आपण एका डोंगराबद्दल बोलणार आहोत. डोंगर फार उंच नाही. इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, सेसिया नावाच्या नदीच्या खोऱ्यात वराल्लो हे छोटंसं गाव आहे. गावाच्या डोक्यावर एक कडा आहे आणि कड्यावर झाडी, फरसबंद वाटा आणि त्या वाटांच्या कडेने 45 देवळ्या. इटालियनमध्ये या जागेला ‘साक्रो मोन्ते’ म्हणतात, म्हणजे पवित्र डोंगर. प्रत्येक देवळीत ख्रिस्तचरित्रातला एकेक प्रसंग माणसाच्या उंचीच्या रंगवलेल्या मूर्तींनी उभा केलेला आहे. मूर्ती आठशेच्या वर. काही लाकडाच्या, बहुतेक भाजक्या मातीच्या. अनेकांना खरे केस, खऱ्या दाढ्या. दोन वर्षांपूर्वी युरोपात हिंडताना आम्ही उभयता तिथे एक दिवस होतो. गुडघ्यांचा विचार करून पायवाट सोडली आणि केबलकारने वर गेलो. प्रार्थनेसाठी रचलेली एक शिल्पांची बाग बघायची, इतकाच हेतू होता. बाग बघून झाली, पण तिथे सुचलेला प्रश्न काही सुटला नाही. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा : तीर्थाची नक्कल करता येते का?

आधी इतिहास पाहू. पंधराव्या शतकात मिलानमध्ये बेर्नार्दिनो काइमी नावाचे एक फ्रान्सिस्कन संन्यासी होते. फ्रान्सिस्कन पंथाकडे 1342 पासून पोपच्या आज्ञेने जेरुसलेममधल्या ख्रिस्ती पवित्र स्थळांची देखभाल होती. काइमी स्वतः तिकडे राहून आले होते. बेथलेहेमची गुहा, कालवारीची टेकडी, ख्रिस्ताची कबर हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तिथे कोण पोचतो हेही पाहिलेलं. त्या काळी जेरुसलेमला जायचं म्हणजे व्हेनिसला जाऊन गलबतात जागा मिळवायची, समुद्र ओलांडून याफाच्या बंदरात उतरायचं, मग मामलुक सुलतानाच्या अमलातून परवाने आणि कर देत डोंगर चढायचा. महिनोन्‌महिने जात, पैसा पाण्यासारखा जाई आणि परत येण्याची खात्री नसे. सेसियाच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाला, विधवेला, पांगळ्याला हे शक्य नव्हतं. आपल्याकडे ‘काशीस जावे नित्य वदावे’ म्हणतात ना, तशीच त्यांची स्थिती. वदायचं, जायचं नाही.

काइमींनी याच्यावर उपाय काढला. 1486 मध्ये त्यांनी पोप आठव्या इनोसंटची परवानगी मिळवली आणि वराल्लोच्या कड्यावर काम सुरू केलं. 1491 मध्ये कबरीची जागा तयार झाली. तिथे एक शिलालेख आहे. बांधकामाचा खर्च करणाऱ्या स्थानिक उमरावाचं नाव त्यात येतं आणि पुढे हेतू सांगितलेला आहे : ज्याला तिकडे जाता येत नाही, त्याला जेरुसलेम इथे दिसावं म्हणून या जागा योजल्या. मित्रहो, या हेतूत आम्हाला फार मोठी करुणा दिसते. धर्माच्या इतिहासात ‘तू आला नाहीस, हा तुझा दोष’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘तुला येता येत नाही, मग आम्ही जेरुसलेम तुझ्याकडे आणतो’ असं म्हणणारे थोडे.

या विचारामागे त्यांच्या पंथाची जुनी परंपरा होती. संत फ्रान्सिस यांनी 1223 च्या नाताळात ग्रेच्चो या गावी गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता. आज वसईत किंवा गोव्यात घरोघरी जो गोठा सजवतात, त्याच्या परंपरेत हा प्रसंग फार मोलाचा मानतात. ऐकलेली गोष्ट डोळ्यांपुढे आली पाहिजे, हा त्यातला आग्रह. काइमींनी तो आग्रह अख्ख्या डोंगराला लावला.

आता आपण म्हणाल, यात नवल काय? आपल्याकडे तर हे पावलोपावली आहे. पैठणला दक्षिण काशी म्हणतात, वाईला म्हणतात, कोल्हापूरला तर म्हणतातच. प्रतिपंढरपुरं किती आहेत ते मोजू नये. पुण्याजवळ प्रतिशिर्डी आहे, प्रतिबालाजी आहे. अहो, आमची आजी पहाटे बंबातलं ऊन पाणी तांब्याने अंगावर घेताना गंगा, यमुना, गोदावरी अशी सात नद्यांची नावं घ्यायची. सातही नद्या तिच्या न्हाणीघरात येत होत्या.

पण इथेच आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्लेटो आडवा येतो. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या पुस्तकात त्याने पलंगाचं उदाहरण दिलं आहे. एक पलंगाचं मूळ रूप, दुसरा सुताराने केलेला पलंग, तिसरं चित्रकाराने काढलेलं पलंगाचं चित्र. चित्र सत्यापासून सर्वांत दूर, म्हणून प्लेटोला त्याचा भरवसा नाही. त्या हिशेबाने वराल्लो हे जेरुसलेमचं चित्र आणि दक्षिण काशी हे काशीचं चित्र. भाविकाने त्यात समाधान मानलं तर तो फसला.

आम्ही हे एकेकाळी मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, बोलून दाखवत होतो. आमच्या आईला काशीला जायचं होतं. घरची परिस्थिती अशी की ते कधी जमलं नाही. एकदा ती गावातल्या बायकांबरोबर वाईला गेली, कृष्णेच्या घाटावर स्नान केलं, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली, ‘चला, माझी काशी झाली.’ आम्ही तेव्हा पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होतो, म्हणजे बुद्धीचा माज अगदी ताजा. म्हणालो, ‘आई, नाव दिल्याने गाव काशी होत नाही.’ ती काही बोलली नाही. ओलं लुगडं वाळत घालायला निघून गेली. पुढे आमच्या हाती पैसा आला, तेव्हा ती राहिली नव्हती.

वराल्लोच्या डोंगरावर हे आठवण्याचं कारण सांगतो. काइमींनी बांधलेल्या त्या कबरीच्या जागेत जायला दार फार बुटकं आहे. कंबरेत चांगलं वाकावं लागतं. आत अरुंद जागा, अंधार, आणि ख्रिस्ताचा निष्प्राण देह आडवा ठेवलेला. हे दार शोभेसाठी बुटकं केलेलं नाही. जेरुसलेममधल्या कबरीतही वाकूनच जावं लागतं. काइमींनी कबर दिसते कशी एवढंच आणलं नाही, तिच्यापुढे माणसाला काय करावं लागतं, तेही आणलं. सुरुवातीचा वराल्लो असाच होता. नाझरेथ, बेथलेहेम, कालवारी या जागा डोंगराच्या चढउतारांवर मुळातल्या भूगोलाला धरून मांडलेल्या होत्या. यात्रेकरू संन्याशांच्या सोबतीने चालायचा, चढायचा, वाकायचा आणि देवळीच्या आत शिरायचा.

याचा कळस म्हणजे सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात गाउदेन्त्सिओ फेरारी याने केलेली क्रूसारोहणाची देवळी. हा याच खोऱ्यातला कलावंत. त्याने भिंतींवर गर्दी रंगवली आणि तिच्यापुढे मूर्तींची गर्दी उभी केली. घोडे, शिपाई, रडणाऱ्या बायका, कडेवर मुलं घेतलेल्या आया. रंगवलेली गर्दी कुठे संपते आणि घडवलेली कुठे सुरू होते, हे पटकन सांगता येत नाही. त्या काळचा यात्रेकरू आत जाऊन उभा राहायचा, म्हणजे गर्दीत आणखी एकाची भर पडायची. कोणी मारतंय, कोणी रडतंय, कोणी नुसतं बघतंय. यांतला मी कोण, हा प्रश्न त्याला टाळता येत नसे.

म्हणून आमचं प्लेटोला उत्तर असं आहे. तीर्थाची प्रत म्हणजे पलंगाचं चित्र नव्हे. तो दुसऱ्या सुताराने केलेला दुसरा पलंग आहे. त्यावर निजता येतं. आईने कृष्णेचं चित्र पाहिलं नव्हतं. ती पाण्यात उतरली होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा पालटली. प्रोटेस्टंट सुधारकांनी यात्रा आणि मूर्ती यांवर कोरडे ओढले होते. 1545 ते 1563 अशी ट्रेंटची धर्मपरिषद झाली आणि कॅथलिक धर्मसत्तेने प्रतिमा ठेवायच्या, पण शिस्तीत ठेवायच्या, असं ठरवलं. 1560 च्या दशकात गालेआत्सो अलेस्सी या वास्तुविशारदाने वराल्लोचा नवा आराखडा केला. जेरुसलेमचा भूगोल मागे पडला आणि आदम-इव्हपासून क्रमाने चालणारी कथा पुढे आली. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ 1578 मध्ये इथे आले. 1584 च्या ऑक्टोबरात पुन्हा आले, देवळ्यांपुढे प्रार्थनेत दिवस काढले आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्यामुळे डोंगराची कीर्ती वाढली. पुढे नोव्हाराचे बिशप कार्लो बास्कापे यांनी प्रत्येक दृश्यावर बारीक नजर ठेवली.

आणि देवळ्यांना जाळ्या आल्या. लाकडी जाळीदार पडदे, त्यांना डोळ्यांपुरती भोकं. मूर्तींची नासधूस होऊ नये हे एक कारण, आणि नेमकं काय व कुठून दिसावं हे ठरवणं हे दुसरं. हेतू वाईट नव्हता. पण यात्रेकरू बाहेर राहिला. आज आम्हीही बाहेरच उभे होतो, कपाळ जाळीला टेकवून. हेरोदच्या हुकमाने झालेल्या बालहत्येची देवळी आहे. जमिनीवर तान्ह्या मुलांच्या देहांचा खच पडलेला. आमच्या शेजारी एक छोटी मुलगी चवडे उंचावून भोकाशी डोळा लावत होती. तिच्या आईने तिला बाजूला ओढलं. आम्ही मात्र बघत राहिलो, आणि मग आपण इतका वेळ का बघतोय असं वाटून शरमलो. आत असतो तर वेळ कुणी मोजला नसता. भोकातून बघणारा प्रेक्षकच असतो. इथे मात्र प्लेटोचं म्हणणं थोडं खरं ठरतं : दुसऱ्या पलंगाचं पुन्हा चित्र झालं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण करुणेच्या जागीसुद्धा डोळे उघडे ठेवावे लागतात. ख्रिस्ताला छळणाऱ्यांपैकी काहींच्या गळ्याला मोठे गलगंड दाखवले आहेत. आल्प्सच्या खोऱ्यांत पाण्या-अन्नात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड हा तिथला घरोघरचा रोग. म्हणजे कलावंताने मारेकऱ्यांसाठी नमुना शोधला तो गावातल्या आजारी माणसात. जेरुसलेम जवळ आणताना पापी लोकही जवळचेच लागले, आणि ते काम दुबळ्याच्या गळ्यात पडलं. ज्याला दूर जाता येत नव्हतं त्याच्यासाठीच हा डोंगर होता ना? असा एखादा गलगंडाचा माणूस दर्शनाला आला असेल, तेव्हा त्याने त्या गर्दीत स्वतःला कुठे पाहिलं असेल?

वराल्लोचं पाहून आसपास असे अनेक डोंगर उभे राहिले. क्रेआ, ओर्ता, वारेसे, ओरोपा. अशा एकूण नऊ जागा 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराबाहेरचा बोम जेझुसचा डोंगरही याच जातीचा. तो 2019 मध्ये यादीत आला.

आपल्या भाषेशी याचा एक धागा आहे. बोर्रोमेओ दुसऱ्यांदा वराल्लोला गेले त्याच्या पाच वर्षं आधी, 1579 मध्ये, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्याला पोचले होते. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून ख्रिस्तकथा मराठी ओवीत आली. वराल्लोत जेरुसलेम मातीत आणलं, इथे भाषेत. त्या गोव्यात सत्तेचा जाच होता, देवळं पाडली गेली होती, हे विसरून चालणार नाही. पण ओवीला जाळी नसते. ती म्हणायची तर स्वतःच्याच तोंडाने म्हणावी लागते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं देऊ. तीर्थाची प्रत खरी की खोटी हे मूळ तीर्थापासूनच्या अंतरावर ठरत नाही. ती माणसाला काही करायला लावते की नुसतं बघायला लावते, यावर ठरतं. आणि ती कुणासाठी दार उघडते, कुणाला खलपुरुष करते, हेही विचारावं लागतं.

संध्याकाळी उतरण्याआधी आम्ही पुन्हा त्या बुटक्या दारापाशी गेलो. गुडघे कुरकुरत होते. हिने हात धरला, आम्ही वाकून आत गेलो, थोडा वेळ उभे राहिलो. आम्ही ख्रिस्ती नाही. प्रार्थना अशी काही आली नाही. आईची मात्र काशी झाली होती, हे पन्नास वर्षं उशिरा का होईना, तिथे कबूल केलं.