कोयता आणि कायदा

शिरूर तालुक्यात मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. शारदा कायदा १९२९चा. मुलीचं वय १४. १९७८मध्ये ते १८ झालं. पण तक्रार करायची कुणी? २००६च्या कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणला, आणि महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत ते काम ग्रामसेवकाकडे आलं. ज्या मांडवात त्याला मानाचं आमंत्रण, तोच त्यानं थांबवायचा!

शिरूर-दौंडच्या उसावर बीडहून टोळ्या येतात. उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला. जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. म्हणून पोरीला लवकर उजवतात. लग्न तिकडे लागतं, आम्हाला ती फडातच दिसे, कडेवर बाळ घेऊन. रजिस्टरात ‘स्तनदा माता’ लिहायचं. वय विचारलं, की सासूच आधी सांगे, ‘एकोणीस.’