मंदी आणि मशीन शॉप : काम घटते, उधारी वाढते

अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर काही आठवड्यांतच भारतातील ट्रक आणि मोटारींची मागणी आटली. टाटा मोटर्स, अशोक लेलँड यांसारख्या कंपन्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या कारखान्यांत काही दिवस उत्पादन थांबवले. त्याच्या ठळक बातम्या झाल्या. मात्र या कंपन्यांना आणि त्यांच्या पुरवठादारांना सुटे भाग करून देणाऱ्या हजारो लहान मशीन शॉपमध्ये काय घडले, याची नोंद फारशी कोठे झाली नाही. औद्योगिक मंदीची झळ सर्वांत आधी लागते आणि सर्वांत उशिरा निवते, ती याच शेडमध्ये.

नागपूर परिसरात हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, वाडी आणि कामठी मार्गावरील उप्पलवाडी या भागांत लहान अभियांत्रिकी कारखाने आहेत. त्यांत मशीन शॉपचे स्थान महत्त्वाचे. धातूचा ओतीव किंवा घडीव तुकडा घ्यायचा आणि लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग या यंत्रांवर तो ड्रॉइंगबरहुकूम कापून, मापात आणून द्यायचा, हे त्यांचे काम. दोन-चार यंत्रे, पाच-दहा कामगार आणि स्वतः यंत्रावर उभा राहणारा मालक, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. काम नसल्यामुळे असे शॉप बंद पडते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुष्कळदा शॉप कोलमडते ते झालेल्या कामाचे पैसे अडकल्यामुळे.

दहाचे तीस कसे होतात?

बाजारात मागणी दहा टक्क्यांनी घटली, तर मशीन शॉपचे कामही दहा टक्क्यांनीच घटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. समजा, एखादी कंपनी महिन्याला १०० नग विकते आणि दोन महिन्यांचा, म्हणजे २०० नगांचा साठा ठेवते. विक्री ९० वर आली की तिला साठाही १८० पुरतो. त्यामुळे त्या महिन्यात तिला केवळ ७० नग घ्यावे लागतात. उरलेले वीस साठ्यातून निघतात. ग्राहकाची मागणी दहा टक्क्यांनी घटली, पण पुरवठादाराची ऑर्डर तीस टक्क्यांनी. पुरवठादारही स्वतःचा साठा याच पद्धतीने कमी करू लागला, तर त्याच्या हाताखालच्या जॉबवर्क करणाऱ्या शॉपला बसणारा फटका त्याहूनही मोठा असतो.

त्यात आणखी एक भर पडते. तेजीत मोठ्या कारखान्याची यंत्रे अपुरी पडतात, म्हणून तो काम बाहेर देतो. मंदीत त्याचीच यंत्रे रिकामी राहतात. मग बाहेर दिलेले काम पुन्हा आत ओढले जाते. म्हणजे लहान शॉप हे मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने राखीव क्षमता असते. गरज सरली की प्रथम तिलाच कात्री लागते.

नागपूरची ग्राहकपेठ

पुणे किंवा नाशिकच्या तुलनेत नागपूरची मशीन शॉप एकट्या वाहन उद्योगावर अवलंबून नाहीत. हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, तर भंडारा जिल्ह्यात अशोक लेलँडचा प्रकल्प आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे आणि मँगनीज खनिज काढणाऱ्या 'मॉइल'चे मुख्यालय याच शहरात आहे. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. शिवाय रेल्वे आणि अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना आहेच. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी यंत्र इंडिया लिमिटेडकडे अंबाझरीचा कारखाना गेला.

या विविधतेचा फायदा असा, की सर्व ग्राहक एकाच वेळी आजारी पडत नाहीत. ट्रकची मागणी मालवाहतूक आणि व्याजदरावर हलते, ट्रॅक्टरची पावसावर. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे देशात पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला, तेव्हा ट्रॅक्टरची विक्री घटली. जागतिक बाजाराशी त्याचा थेट संबंध नव्हता. दुसरीकडे कोळसा खाणी आणि वीज केंद्रे मंदीतही चालूच राहतात. पंपांचे शाफ्ट, कन्व्हेयरचे रोलर, बुश, कपलिंग झिजतात आणि ते बदलावेच लागतात. म्हणून नव्या उत्पादनासाठी सुटे भाग करणाऱ्या शॉपपेक्षा देखभाल-दुरुस्तीचे काम करणारे शॉप मंदीत अधिक तग धरते. मात्र हे काम सुट्या नगांचे असते, दर वेळी नवे ड्रॉइंग, नवी जुळवाजुळव. एकाच भागाचे हजारो नग काढण्यासाठी घेतलेल्या सीएनसी यंत्राचा हप्ता त्यावर भागेलच असे नाही.

ताळेबंदाचे गणित

एका काल्पनिक शॉपचा हिशेब मांडला म्हणजे संकटाचे स्वरूप स्पष्ट होते. महिन्याची बिले ५ लाख रुपयांची. त्यातील दीड लाख टूल, इन्सर्ट, तेल, वापरलेली वीज आणि वाहतूक यांवर जातात; काम घटले की हा खर्चही घटतो. पगार १ लाख ७५ हजार, यंत्राचा हप्ता ७५ हजार आणि भाडे, विजेचा स्थिर आकार, इतर किरकोळ मिळून ४० हजार, असा २ लाख ९० हजारांचा खर्च मात्र यंत्र चालो वा न चालो, करावाच लागतो. मालकाच्या हाती ६० हजार उरतात.

आता काम तीस टक्क्यांनी घटले. बिले साडेतीन लाखांची झाली, बदलता खर्च १ लाख ५ हजारांवर आला, पण स्थिर खर्च तेवढाच राहिला. साठ हजारांची शिल्लक जाऊन दरमहा ४५ हजारांची तूट उभी राहते. हप्त्यांवर यंत्र घेणे हा तेजीतला शहाणपणाचा निर्णय मंदीत गळ्याशी येतो, तो असा. जुन्या, कर्ज फिटलेल्या लेथवर काम करणारा शेजारी कमी अचूक काम करीत असूनही टिकून राहतो, त्याचे कारणही हेच.

कच्चा माल कोणाचा, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. ग्राहकाच्या मालावर केवळ जॉबवर्क करणाऱ्याला भावातील चढउताराची झळ कमी लागते. स्वतः पोलाद विकत घेऊन तयार भाग विकणाऱ्याची स्थिती वेगळी. २००८ च्या मध्यापर्यंत पोलादाचे भाव चढे होते, वर्षअखेरीस ते कोसळले. चढ्या भावाने माल भरून ठेवलेल्यांना तो नव्या, उतरलेल्या दराने द्यावा लागला.

उधारीचा फास

तोटा हा संकटाचा एक भाग. त्याहून मोठा भाग वसुलीचा. वरील शॉपला बिलाचे पैसे ४५ दिवसांत मिळत असतील, तर साडेसात लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. मंदीत मोठे ग्राहक प्रथम देणी लांबवतात. वसुली १२० दिवसांवर गेली, तर काम तीस टक्क्यांनी घटूनही अडकलेली रक्कम १४ लाखांवर जाते. काम कमी आणि भांडवलाची गरज जवळपास दुप्पट, असा उफराटा प्रकार घडतो.

नेमक्या याच वेळी बँकेचा हातही आखडतो. कॅश क्रेडिटची उचल येणे रकमेवर ठरते आणि नव्वद दिवसांहून जुनी येणी सर्वसाधारणपणे त्यात धरली जात नाहीत. म्हणजे ग्राहकाने उशीर केला, की त्याची शिक्षा शॉपला बँकेत भोगावी लागते. हप्ता नव्वद दिवस थकला तर खाते अनुत्पादक ठरते. करही थांबत नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नेहमीच्या पद्धतीत बिल केले की कराची जबाबदारी येते. ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी सरकारला कर्तव्य नसते.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला. केंद्र सरकारने डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्कात चार टक्के अंशांची कपात केली. मागणी सावरण्यास या उपायांचा उपयोग झाला. परंतु व्याज स्वस्त झाल्याने अडकलेले बिल सुटत नाही, ही लहान कारखानदाराची मूळ अडचण तशीच राहिली.

कायद्याचे कवच

या दुखण्यावर कायदा नाही असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन त्याने खरेदीदारावर घातले. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी सुविधा परिषदा आहेत. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

कवच भक्कम आहे, पण ते अंगावर घालण्याचे धाडस थोडेच करतात. तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची, उद्याचे कामही त्याच्याकडूनच मिळवायचे असते. त्यामुळे व्याजाची मागणी बहुधा कागदावरच राहते. ही अडचण ओळखून २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराची बाजू जोडली. मुदतीत न दिलेले देणे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला खर्च म्हणून वजा करता येणार नाही, अशी ती तरतूद होती. येथे पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही. मात्र मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, अशी भीतीही तेव्हा व्यक्त झाली. बिलांवर आगाऊ रक्कम मिळवून देणारे 'ट्रेड्स' हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. तेथेही खरेदीदाराने बिल मान्य करणे ही पहिली पायरी असते.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्राने तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना आणली. तिने अनेकांना तात्पुरता श्वास घेऊ दिला. तरीही ते कर्जच होते. अडकलेल्या येण्यांच्या जागी नवे देणे.

कारागीर गेला की...

यंत्र झाकून ठेवता येते, कामगाराला ठेवता येत नाही. मंदीत प्रथम ओव्हरटाइम बंद होतो, मग दुसरी पाळी, मग आठवड्याचे दिवस घटतात. मालक शेवटपर्यंत सोडू पाहत नाही तो मुरलेला टर्नर किंवा सीएनसीचे सेटिंग करणारा. ड्रॉइंग वाचून टूल निवडणारा, यंत्राच्या आवाजावरून कापणीतील बिघाड ओळखणारा हात आयटीआयच्या प्रमाणपत्राने तयार होत नाही. त्याला कित्येक वर्षे लागतात. असा माणूस गावी परतला, किंवा रिक्षा चालवू लागला, दुकानात लागला, तर काम वाढल्यावर परत येईलच याची खात्री नसते. मग ऑर्डर येते, यंत्र असते आणि ते चालवणारा नसतो. मंदीने केलेले हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

तग धरण्याचे मार्ग

अशा चक्रातून पार पडण्याचे काही मार्ग आहेत. एकाच ग्राहकाकडे निम्म्याहून अधिक काम जाऊ न देणे, हा पहिला. वाहनांच्या भागांबरोबर खाणी, वीज केंद्रे, रेल्वे यांच्या दुरुस्तीचे काम हाती ठेवणे, हा दुसरा. केंद्रीय सरकारी खात्यांना व उपक्रमांना वार्षिक खरेदीचा २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्याचे बंधन २०१८ पासून आहे, त्याचा येथे उपयोग होतो. तिसरा, १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी वेळेत करून घेणे, कारण विलंबित देण्यांबाबतचे संरक्षण मिळवताना ती दाखवावी लागते. चौथा, तेजीतच तीन-चार महिन्यांच्या हप्त्यांची आणि पगारांची तजवीज बाजूला काढणे.

यातले बहुतेक उपाय मंदी आल्यावर करता येत नाहीत. आणि सर्वांत परिणामकारक उपाय तर शॉपमालकाच्या हाती नाहीच. मोठ्या खरेदीदाराने झालेल्या कामाचे पैसे वेळेवर दिले, तर घटलेल्या कामावरही लहान शॉप काही महिने तग धरू शकते आणि आपला टर्नरही टिकवू शकते. मागणी परतल्यावर त्याच खरेदीदाराला सुटे भाग करून देणारे कोणी शिल्लक असेल की नाही, ते यावरच ठरते.