फेड

माणसाने आयुष्यात एक वेळ कर्ज काढावे, पण जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन जवळजवळ सारख्या वस्तू समोर ठेवून 'यातली कोणती घेऊ?' असे स्वतःला विचारू नये. साड्यांच्या दुकानात आमची सौ. जे करते त्याला मी गेली चाळीस वर्षे हसत आलो. त्याची शिक्षा मला परवा बर्डीतल्या एका गल्लीत मिळाली.

प्रसंग असा होता, की आमच्या दादाचे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले होते. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला द्यायचे तरी काय? शाली त्याच्याकडे सात आहेत, आणि नागपुरात शाल पांघरण्याजोगे दिवस वर्षाला साधारण तितकेच. मग एकदम आठवला तो कॅमेरा.

विशीत असताना दादाकडे एक रशियन कॅमेरा होता. तो आला भिलाईहून. तिथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार सोव्हिएत सरकारशी झाला १९५५ साली, आणि तेव्हा भिलाई चक्क आमच्याच राज्यात होती. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होते ना! पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांच्या वाटण्या झाल्या. भिलाई तिकडे राहिली, आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि नोकरीसाठी भिलाईला गेलेले आमचे मामा कायमचे 'बाहेरगावचे' झाले. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. पुढे मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरकडून मामांनी हा कॅमेरा घेतला आणि भाच्याला दिला. मला मात्र एक फाउंटन पेन मिळाले. तेही गळके.

त्या कॅमेऱ्यापायी दादा वेडा झाला होता. फोटोग्राफरच व्हायचे, असे त्याच्या डोक्यात होते. मग एक दिवस त्याने तो विकून टाकला, 'कंटाळा आला' म्हणाला, आणि तारखात्यात चिकटला. मी तेव्हा सातवीत होतो. घरात पुन्हा कोणी त्याविषयी बोलले नाही.

तर, तोच कॅमेरा द्यायचा. पण तो म्हणजे कोणता?

दुकानदाराने दोन नमुने काचेवर ठेवले. दोन्ही काळे-रुपेरी, दोन्ही रशियन दिसणारे, दोहोंच्या तोंडावर दोन-दोन खिडक्या.

"काकाजी, हा फेड, आन् हा कीव. दोन्ही चालू हायेत. पाहून घ्या न."

एकाचे नाव फेड आणि दुसऱ्याचे कीव! हे कॅमेरे करणाऱ्यांना मराठी येत असावे, अशी मला शंका आली. दादाचे माझ्यावर आयुष्यभराचे देणे, तेव्हा त्याची फेड करावी की त्याची कीव करावी, असाच सवाल समोर मांडल्यासारखा झाला. फेड साडेपाच हजारांना, कीव साडेसात हजारांना. फेडीपेक्षा कीव महाग, हेही नवलच.

घरी आलो आणि वाचायला बसलो. जुना कॅमेरा घेणे म्हणजे सून आणण्यासारखे आहे, आधी घराणे पाहावे लागते. आणि ही घराणी निघाली जर्मन!

ओस्कार बार्नाक नावाचा एक कारागीर वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत सूक्ष्मदर्शकांच्या विभागात होता. त्याला दम्याचा त्रास. त्या काळचे कॅमेरे, काचा, तिपाई हे सगळे लटांबर घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. म्हणून त्याने सिनेमाच्या पट्टीवर चालणारा, खिशात मावणारा कॅमेरा केला. तो 'लायका' या नावाने १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. १९३२ साली लायकात अंतर मोजणारे यंत्र भिंगाला जोडून बसवले गेले, आणि त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉनने त्याला टक्कर द्यायला 'कॉन्टॅक्स' काढला. एका आळीत दोन हलवाई झाले की जिलबी सुधारते, तसे फोटोग्राफीचे झाले.

फेड ही लायकाची नक्कल. पण कोणी केली, तर अनाथ पोरांनी! रशियातल्या यादवीनंतर लाखो मुले रस्त्यावर आली होती. त्यांच्यासाठी खारकिव्हजवळ १९२७ साली एक वसाहत निघाली. अंतोन माकारेंको या शिक्षकाने ती चालवली. अर्धा वेळ शाळा, अर्धा वेळ कारखाना. या पोरांनी आधी विजेची भोक पाडायची यंत्रे केली, आणि १९३४ पासून कॅमेरे. वसाहतीला नाव होते फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांचे, त्याची आद्याक्षरे म्हणजे फेड. हे गृहस्थ सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक. म्हणजे ज्यांच्या खात्यापासून लोक तोंड लपवीत, त्यांचेच नाव लोकांचे तोंड टिपणाऱ्या यंत्राला मिळाले.

कीवचा जन्म युद्धातून. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बाँब पडले आणि झाइस आयकॉनचे भारी नुकसान झाले. युद्ध संपल्यावर रशियनांनी नुकसानभरपाई म्हणून कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री येना गावी नव्याने उभी करवून घेतली आणि ती कीव शहरातल्या 'आर्सेनाल' कारखान्यात नेली. पहिले काही कीव तर चक्क जर्मन सुट्या भागांतून जोडलेले होते. म्हणजे लायका माहेरीच राहिली आणि तिची नक्कल झाली, कॉन्टॅक्स मात्र हुंड्यासकट उचलून नेली!

गंमत म्हणजे दोन्ही शहरे युक्रेनमधली. आम्ही साठ वर्षे त्यांना बिनदिक्कत 'रशियन' म्हणत आलो. फेब्रुवारी २०२२ पासून हीच दोन नावे युद्धाच्या बातम्यांत ऐकू येऊ लागली, तेव्हा कुठे आम्हाला नकाशा उघडावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्डीत. दुकानदार पोरगा मोठा सोशिक होता. दोन खिडक्यांचे गुपित त्यानेच समजावले. एका खिडकीतून एक चित्र येते, दुसरीतून दुसरे. डोळा लावला की माणूस दुहेरी दिसतो, आणि भिंग फिरवत ती दोन रूपे एकावर एक बसली की अंतर बरोबर. ही सगळी त्रिकोणाची करामत. विल्यम लँबटनने १८०२ पासून अशाच त्रिकोणांनी हिंदुस्थान मोजायला घेतला, आणि १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला देह ठेवला. त्याच्या त्रिकोणाची बाजू कित्येक मैलांची, कीवची नऊ सेंटिमीटर, फेडची त्याहून कमी. बाजू जितकी मोठी, तितके माप नेमके.

मी कीव हातात घेऊन डोळा लावला. दुहेरी चित्र गायब!

"काकाजी, बोट उचला बोट! तुमचं बोट खिडकीवर येऊन राहिलं. कीवले बोट वर धरूनच फोटो काढा लागते."

आणि लख्ख आठवले. दादा फोटो काढताना उजव्या हाताचे मधले बोट असेच ऐटीत वर धरायचा! आम्ही भावंडे त्याची नक्कल करायचो. संशय फिटला. कीवच तो!

पण सौ. म्हणाली, "पैसे द्यायच्या आधी एकदा जुना आल्बम तर पाहा." लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिचे म्हणणे खरे ठरण्याची मला सवय आहे. म्हणून महालातल्या जुन्या घरून आल्बम आणला. सुरुवातीचे फोटो स्वच्छ. पुढे मात्र प्रत्येक फोटोत एकाच ठिकाणी एक पांढरा ठिपका. कुठे आत्याच्या नाकाशेजारी, कुठे आजोबांच्या टोपीवर, कुठे महाराजबागेतल्या वाघाच्या पाठीवर. 'दादाचा चंद्र' म्हणायचो आम्ही त्याला. दोष धुलाईचा, असे ठरवून वडिलांनी स्टुडिओवाल्याशी बोलणेसुद्धा टाकले होते.

आल्बम दुकानदाराला दाखवला. तो हसला. "धुलाई नाही काकाजी, हे पडद्याले भोक हाय. कापडी पडदा. झाकण न लावता सूर्याकडे ठेवला का भिंगानं जळते, कागद जळते तसा. कीवचा पडदा धातूच्या पट्ट्यांचा, तो काही असा जळत नाही. हा फेडच होता. आन् उन्हाळ्यात ठेवला असन कोणीतरी."

कोणीतरी! मी समोरच्या स्टुलावर बसलो. १९६७ चा मे महिना. महालातली गच्ची. सूर्याचा फोटो काढायचा म्हणून झाकण काढून, आकाशाकडे तोंड करून ठेवलेला कॅमेरा, आणि 'जेवायला या' अशी आईची हाक. जेवून आलो, झाकण लावले, कॅमेरा जागच्या जागी ठेवला. कोणाला काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही घडले, हे मला कळायला अठ्ठावन्न वर्षे आणि बर्डीतला एक पोरगा लागला.

"मग कोणता देऊ? नागपूरच्या उन्हाले कीवच बरा, काकाजी."

सल्ला चांगला होता. मी फेड घेतला. घासाघीस केली नाही, तेव्हा पोरगा जरा घाबरला.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी ओवाळणे झाले, आठवी शाल आली, आणि मी डबा दादाच्या हातात दिला. त्याने कॅमेरा काढला, उलटासुलटा पाहिला, डोळ्याला लावला. उजव्या हाताचे मधले बोट आपोआप वर गेले. फेडला त्याची काही गरज नसते. ती निव्वळ ऐट होती. साठ वर्षांत फरक नाही.

मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, तुला एक सांगायचं होतं. त्या पहिल्या कॅमेऱ्याचं..."

त्याने डोळा न काढता भिंग फिरवले. माझी दोन रूपे एकावर एक बसवीत असावा.

"हालू नको," तो म्हणाला. "रीळ आणलं का? आणि या खेपेला गच्चीवर विसरू नको बे."